दात सरकतो, तेव्हा हाडात काय चालतं?

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर १८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनासोरची हाडं सापडली. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून त्यांचा पार दगड झाला होता. हाड म्हटलं की आपल्याही डोळ्यांपुढे असंच काहीतरी टणक, निर्जीव येतं. मग याच शहरातल्या एखाद्या मुलीच्या दातांना तार लावली, की तिचे वाकडेतिकडे दात जबड्याच्या हाडातून सरकत रांगेत कसे येतात? आणि त्यापायी इतकं दुखतं का?

आधी दुखण्याची वेळ बघा हं. डॉक्टरांनी तार घट्ट केली, तेव्हा थोडं आवळल्यासारखं वाटलं, एवढंच. खरा ठणका सुरू होतो काही तासांनी, आणि दुसऱ्या दिवशी तर कहर! जबलपूरची खव्याची जिलबी किती मऊ, पण तीही चावताना डोळ्यांत पाणी येतं. मग दोन-तीन दिवसांत ठणका उतरू लागतो आणि आठवड्याभरात बहुतेक जातो. नुसत्या ओढण्यानं दुखत असतं, तर खुर्चीत बसल्या बसल्याच सगळ्यांत जास्त दुखायला हवं होतं ना?

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते. तिच्यात बारीक धागे ताणलेले असतात आणि झोळीतल्या बाळासारखा दात त्यांच्यावर तोललेला असतो. याच फटीत रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतूंची टोकंही असतात. घासात एखादा केस आला तरी दातांखाली चटकन कळतो, तो या टोकांमुळेच.

तार दाताला एका बाजूला रेटते. त्या बाजूची फट चेपते, तिथे रक्त कमी पोचतं. मग पेशी निरनिराळी रसायनं सोडू लागतात. त्यांतलं एक महत्त्वाचं म्हणजे प्रोस्टाग्लॅन्डिन. ही रसायनं तयार होऊन साठायला काही तास लागतात, म्हणून दुखणं उशिरा येतं. मज्जातंतू त्यांच्यामुळे इतके हळवे होतात, की एरवीचा साधा स्पर्शही कळ बनून मेंदूकडे धावतो.

पण मला खरं नवल वाटतं ते पुढेच. हेच प्रोस्टाग्लॅन्डिन हाड पोखरणाऱ्या पेशी तयार व्हायला मदत करतं! त्यांचं नाव ऑस्टिओक्लास्ट. अशा एकेका पेशीत अनेक केंद्रकं असतात. ती हाडाला घट्ट चिकटते, आम्ल सोडते आणि हाडातले क्षार विरघळवते. दाताला पुढे सरकायला जागा होते. पलीकडच्या बाजूला धागे ताणले जातात, तिथे ऑस्टिओब्लास्ट पेशी नवं हाड रचत येतात. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेडनं कुत्र्यांचे दात सरकवून, १९०४च्या सुमारास, सूक्ष्मदर्शकाखाली या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. वेग म्हणाल तर महिन्याला साधारण एक मिलिमीटर.

आयबुप्रोफेनची गोळी प्रोस्टाग्लॅन्डिन बनणंच अडवते. दुखणं थांबतं खरं, पण प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत दात सरकणंही मंदावलेलं दिसलं आहे. म्हणून बरेच दंतवैद्य पॅरासिटामॉल सुचवतात. गोळी घ्यायची का आणि कोणती, हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचं.

गार पाण्याची युक्ती ऐकलीत का? सुरुवातीची तार पुष्कळदा निकेल आणि टायटॅनियमची असते. तिचे काही प्रकार तोंडाच्या उबेनं ताठ होतात आणि गारव्यानं मऊ पडतात. माठातल्या पाण्याचा घोट थोडा वेळ तोंडात धरला, की अशी तार तेवढ्यापुरती जोर कमी करते.