चित्र लवकर उमटावे म्हणून : ग्राफिक्स कार्डाची निवड आणि जोडणी

चंद्रग्रहण वर्गात समजावून देताना चेंडू, मेणबत्ती आणि बराच धीर लागतो. तेच ग्रहण संगणकावर त्रिमितीत हलताना दाखवता आले तर? त्यासाठी ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र उभे करणे विद्यार्थ्यांना एका दुपारीही जमू शकते. खरी अडचण पुढे येते. सेकंदाला २४ चित्रे धरली, तर दहा सेकंदांच्या फितीला २४० चित्रे लागतात. प्रत्येक चित्राला दहा मिनिटे लागली, तर एकूण ४० तास! मग कोणीतरी सांगते, 'ग्राफिक्स कार्ड घ्या.' परंतु कोणते? आणि ते आपल्या संगणकात चालेल का? शाळेच्या तुटपुंज्या निधीतून झालेली चूक सहजी दुरुस्त होत नाही, म्हणून याचा विचार आधीच करायला हवा.

वेळ कशात जातो?

चित्र तयार करण्याच्या या क्रियेला रेंडरिंग म्हणतात. चित्रातील प्रत्येक बिंदूतून संगणक एक काल्पनिक किरण सोडतो. तो कोठे आदळतो, कोणत्या दिशेला परततो आणि शेवटी दिव्यापर्यंत पोहोचतो का, हे गणिताने ठरवतो. परतीची दिशा यदृच्छेने निवडलेली असल्यामुळे एका किरणावर भिस्त ठेवता येत नाही. अनेक किरणांची सरासरी घ्यावी लागते. १९२० × १०८० आकाराच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकासाठी १०० नमुने घेतले, तर सुमारे २१ कोटी किरणमार्ग होतात, तेही एकाच चित्रासाठी.

नमुने कमी पडले की चित्रावर ठिपके दिसतात. हे ठिपके निम्मे करायचे तर नमुने दुप्पट नव्हे, चौपट घ्यावे लागतात. प्रयोगशाळेत मोजमापे पुन्हापुन्हा घेऊन सरासरी काढताना लागू पडतो, तोच हा वर्गमुळाचा नियम.

कवायतीचे मैदान

संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये थोडे पण हुशार गणक असतात. ग्राफिक्स कार्डावर शेकडो ते हजारो साधे गणक असतात. शाळेच्या कवायतीत एका हुकमावर सगळी रांग एकच हालचाल करते, तसेच हे गणक गटागटाने एकच आज्ञा वेगवेगळ्या आकड्यांवर पाळतात. एका बिंदूचे गणित शेजारच्या बिंदूच्या उत्तरावर अवलंबून नसल्यामुळे ही पद्धत रेंडरिंगला फार सोयीची ठरते.

निवडताना पाहायचे तीन आकडे

पहिला आकडा वॅटचा. काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या संगणकासाठी उत्साहाने १७० वॅटचे कार्ड आणले. कॅबिनेट उघडल्यावर कळले की एसएमपीएस अवघा २४० वॅटचा आहे आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरच त्याला नाही. कार्ड परत करावे लागले. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून अधिक हवे असल्यास एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. म्हणून जुन्या संगणकासाठी ७५ वॅटच्या आतले कार्ड सुरक्षित. २०१९ सालचे जीटीएक्स १६५० (४ जीबी, ७५ वॅट) आणि २०२४ सालचे आरटीएक्स ३०५० (६ जीबी, ७० वॅट) ही याची उदाहरणे. दुसऱ्यात किरणांचा माग काढणारे खास मंडलही आहे. मात्र आरटीएक्स ३०५० याच नावाचे ८ जीबीचे कार्ड अधिक वीज घेते. त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नये.

दुसरा आकडा कार्डावरील स्मृतीचा. सगळे दृश्य तिच्यात मावले तर काम वेगाने होते. न मावल्यास ते मंदावते किंवा थांबते. पृष्ठभागावर चढवलेले ४०९६ × ४०९६ बिंदूंचे एक चित्र, बिंदूला ४ बाइट धरून, ६४ एमबी जागा घेते. ग्रहणाला अशी दोन-तीन पुरतात. गजबजलेल्या बाजारपेठेच्या दृश्याला ४ जीबी अपुरी पडू शकते.

तिसरा आकडा लांबी-उंचीचा. कॅबिनेटमधील मोकळी जागा फूटपट्टीने मोजूनच दुकानात जावे. ब्लेंडरच्या चालू आवृत्तीला ते कार्ड चालते का, हेही पाहावे.

जोडणी

संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. अंगावरील स्थिर विद्युत जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. लांब स्लॉटसमोरील मागची पट्टी काढून कार्ड दोन्ही बाजूंनी सारखे दाबावे. 'टक्' असा आवाज आला की स्क्रू आवळावा. मॉनिटरची वायर आता मदरबोर्डाला नव्हे, कार्डाला लावायची. त्यानंतर ड्रायव्हर टाकावा. ब्लेंडरमध्ये दोन ठिकाणी बदल करावा लागतो : प्रेफरन्सेसमधील सिस्टिम विभागात कार्ड निवडणे आणि दृश्याच्या रेंडर विभागात सायकल्स घेऊन 'जीपीयू कम्प्यूट' ठरवणे. दुसरी गोष्ट राहून गेली, तर कार्ड नुसतेच बसून राहते.

किती पट वेग?

समजा, दहा मिनिटांपैकी एक मिनिट दृश्याच्या तयारीत जाते आणि हे काम मुख्य प्रोसेसरच करतो. उरलेली नऊ मिनिटे कार्डाने नऊपट वेगाने उरकली, तर एकूण वेळ दोन मिनिटे, म्हणजे फायदा पाचपट. कार्ड कितीही महाग घेतले, तरी ते एक मिनिट राहणारच; दहापटीच्या पुढे जाणे शक्य नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला युक्तिवाद तो हाच.

म्हणून खर्चापूर्वी एक प्रयोग करावा. विद्यार्थ्यांना एकच दृश्य ६४, २५६ आणि १०२४ नमुन्यांनी रेंडर करायला सांगावे, वेळ नोंदवून आलेख काढावा आणि ब्लेंडरमधील ठिपके घालवणारी सोय वापरून चित्रे ताडून पाहावीत. ६४ नमुन्यांवर काम भागत असेल, तर कार्डाचे पैसे वाचले. भागत नसेल, तर निदान कशासाठी खर्च करतो आहोत, हे तरी सर्वांना कळलेले असेल.