‘आय ॲम लाइक मँगो’

आज ‘डू’ची प्रश्नार्थक वाक्यं घ्यायची होती. पण सातारा जिल्ह्यातल्या एका बाईंच्या पत्रामुळे ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. त्यांच्या दुसरीतली मुलं ‘आय ॲम अ बॉय’ छान म्हणतात, पण त्याच दमात ‘आय ॲम लाइक मँगो’, ‘आय ॲम गो टू स्कूल’ असंही म्हणतात. ‘मराठीतलं आहे डोक्यातून जात नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी बंदच करू का?’ असं त्यांनी विचारलंय.

मुळीच करू नका. ‘मला आंबा आवडतो’, ‘मी शाळेत जातो’ यांत ‘आहे’ आहेच कुठे? मराठीची अडचण येते ती वेगळ्या जागी. आंबा आवडतो, चिंच आवडते, केळं आवडतं. आपलं क्रियापद फळामागून जातं आणि आवडणारा ‘मला’ होऊन बाजूला राहतो. इंग्रजीत त्याला ‘आय’ होऊन पुढे यावं लागतं. मुलं इथे अडखळतात खरी, पण त्यातून ‘ॲम’ निघत नाही.

रशियन मुलांकडे पाहा. रशियनमध्ये वर्तमानकाळी ‘आहे’ची गरजच नसते, ‘मी विद्यार्थी’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. तरीही इंग्रजी शिकणारी रशियन मुलं ‘ही इज गो’ या घडणीची वाक्यं बोलतात आणि ‘गोज’मधला शेवटचा ‘ज’ मात्र सर्रास गाळतात. तानिया आयोनिन आणि केनेथ वेक्सलर यांनी २००२ साली हे मांडलं. गंमत म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, ती मुलं नेमकं उलट करतात. रॉजर ब्राउन यांच्या १९७३च्या पुस्तकातली छोटी मुलं ‘इंग’ लवकर उचलतात आणि ‘ॲम’, ‘इज’ बराच काळ वगळतात.

मला यातून दिसतं ते असं : इंग्रजी वाक्याला कर्ता आणि क्रिया यांच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं, हे आपल्या मुलांना उमगलेलं असतं. ‘ॲम’ सुटं आहे, कानाला स्वच्छ ऐकू येतं, म्हणून तेच हाताशी येतं. त्यातून आपण पहिले कित्येक महिने ‘आय ॲम’च घोकून घेतो, मग ते दोन शब्द एकमेकांना चिकटून एकच होतात.

म्हणून ‘आय लाइक’, ‘आय वॉन्ट’, ‘आय हॅव’ हे पहिल्या महिन्यातच येऊ द्या. अंगणात खडूनं दोन गोल काढा. टॉल, हंग्री, सेव्हन म्हटलं की ‘आय ॲम’च्या गोलात उडी, मँगो दाखवला की ‘आय लाइक’च्या. आज्ञाही भरपूर द्या : जंप, सिट, ओपन द डोअर. हॅरल्ड पामर यांनी १९२५मध्ये तोक्योत ‘इंग्लिश थ्रू ॲक्शन्स’ हे पुस्तक काढलं, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. आज्ञेत ‘ॲम’ नसतंच, त्यामुळे नुसतं क्रियापद कानात मुरतं.

मूल चुकलं तर थांबवू नका. ‘यू लाइक मँगो? आय लाइक चिकू!’ म्हणा आणि पुढच्याकडे वळा. ‘ही लाइक्स’मधल्या ‘स’साठी या वयात अजिबात हटून बसू नका. आणि ‘आय ॲम ईटिंग’ची कृतिगीतं, कितीही गोड असली तरी, दोन्ही गोल पक्के होईपर्यंत कपाटात ठेवा; नाहीतर ‘आय ॲम ईट’ ठरलेलं.

बाई, दिवाळीनंतर मुलं काय बोलतात ते जरूर कळवा.