दातांच्या कमानीचा हिशेब

दातांना तार लावलेला एखादा मित्र किंवा मैत्रीण तुमच्या वर्गात असेलच. ती तार लावण्यापूर्वी दंतवैद्याला एक प्रश्न सोडवावा लागतो. वेडेवाकडे दात एका ओळीत बसवायला जबड्यात पुरेशी जागा आहे, की एखादा निरोगी दात काढूनच ती करावी लागेल? काढलेला पक्का दात पुन्हा येत नाही. म्हणून आधी हिशेब हवा!

त्यासाठी ठसा घेऊन जबड्याची प्लास्टरची प्रतिकृती करतात. एका बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या तशाच दाढेपर्यंत पितळेची मऊ तार कमानीवर वाकवून बसवतात. ती सरळ करून मोजली की उपलब्ध जागा कळते. आता हेच काम संगणकाच्या पडद्यावरही होते.

खालच्या जबड्यात या दोन दाढांच्या मध्ये दहा दात असतात. मधल्या पटाशीच्या दातापासून एका बाजूच्या पाच दातांची रुंदी साधारणपणे ५, ५.५, ७, ७ आणि ७ मि.मी. असते. बेरीज ३१.५, दोन्ही बाजूंची मिळून ६३ मि.मी. ही झाली लागणारी जागा. समजा, तार ५९ मि.मी. भरली. म्हणजे ४ मि.मी.ची तूट आली.

आता भूमितीकडे वळू. पुढे अर्धवर्तुळ आणि त्याच्या दोन टोकांना समांतर रेषा, अशी कमान माना. तिची रुंदी 'र' आणि पुढून मागे खोली 'ख' धरा. अर्धवर्तुळाची लांबी १.५७ र, तर दोन रेषांची मिळून २ख − र. म्हणून,

कमानीची लांबी = २ख + ०.५७ र

या सूत्राचा अर्थ पाहा. पुढचे दात १ मि.मी. पुढे सरकवले, तर २ मि.मी. जागा मिळते. कमान १ मि.मी. रुंद केली, तर जेमतेम अर्धा मि.मी.! आपली तूट भरायला दात २ मि.मी. पुढे न्यावे लागतील, किंवा कमान ७ मि.मी. रुंद करावी लागेल. दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढली तर १४ मि.मी. मिळतात, तुटीच्या मानाने ते फारच झाले.

खरी कमान इतकी रेखीव नसते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत. शिवाय दात हाडात रोवलेले असतात. हाडाबाहेर ढकलले तर मुळे उघडी पडतात. म्हणून क्ष-किरण चित्र, हिरड्या आणि ओठांची ठेवण पाहूनच अखेरचा निर्णय होतो. दात काढावेत की नाहीत, यावर १९११ साली अमेरिकेतील दंतवैद्यांत मोठा वाद झडला होता!

वहीवर अशी कमान काढा, तिच्यावर दोरा ठेवून मोजा आणि सूत्र पडताळून पाहा.