गांवची खोली आणि ज्याची त्याची राहणी

शिवथरचें नांव निघालें कीं घळीची आणि समर्थांची आठवण होते. आज मात्र त्या खोऱ्यांतून, किंबहुना एकंदर महाड-पोलादपूर भागांतून, मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या बिऱ्हाडाविषयीं सांगावयाचें आहे. डोंगरांतलें भात वर्षभर पुरत नसे. मग गिरणी नाहीं तर गोदी. एकट्यास भाडें झेपेना, म्हणून एका गांवचे लोक मिळून खोली घेत. १९२० नंतर सरकारनें बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. असल्या जागेंत दहाबारा पुरुष सहज राहत. पाळ्या निरनिराळ्या, एकाच्या अंथरुणाच्या जागीं दिवसा दुसरा निजे.

येथें तंटे पैशावरून होत, त्याहून अधिक राहणीवरून. एकाच्या गळ्यांत तुळशीची माळ, तर दुसऱ्यास सुक्या बोंबलावांचून घांस उतरत नाहीं. रात्रपाळीहून आलेल्यास झोंप हवी, शेजाऱ्यास भजन. एखादा पोरगा रात्रशाळेंत जाऊं लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत दिवा जाळतो.

यांत चांगला कोण, हा प्रश्न बैठकींत काढणें व्यर्थ होय. त्या गोष्टीनें दुसऱ्याची झोंप, चूल वा पैसा अडतो काय, एवढेंच विचारावें. अडत असेल तर तोड काढावी: माळकऱ्याचें भांडें वेगळें, एकादशीस मासळी नाहीं, दिव्याचा जादा खर्च वाचणाराकडे. पिणाराची गोष्ट अवघड. पेला त्याचा, पण थकलेलें भाडें आणि रात्रीची शिवीगाळ सर्वांची. अडत नसेल तर मात्र गप्प बसावें, आणि हेंच मंडळींना सर्वांत जड जातें!

कारण बैठकीच्या हातीं सत्ता मोठी. ज्याचें अंथरूण बाहेर निघालें, त्याला शहरांत दुसरें छप्पर नसे. नोकरीहि पुष्कळदां गांववाल्याच्याच ओळखीची, आणि वार्ता गांवकीपर्यंत पोंचे. अशा वेळीं बहुमताची नावडहि नियम म्हणून खपते. शिकून हा कोण मोठा होणार, अशा हेव्यानें दिवा विझविला, तर त्या पोराचें शिक्षणच संपतें.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. परंतु चौघांनीं मिळून जागा घेण्याची गरज संपलेली नाहीं. विनोबांनीं १९५९ सालीं पवनारास स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरांत सर्वसंमतीनें निर्णय घेण्याची रीत आहे. पण तेथील भगिनी एका व्रतानें एकत्र आलेल्या. खोलींतली मंडळी भाड्याच्या सोयीनें. त्यांनीं प्रत्येक गोष्टींत एकमताचा हट्ट धरला तर चूलच पेटावयाची नाहीं. एका बाबतींत मात्र ती रीत त्यांनीं अवश्य उचलावी. कोणाचें अंथरूण बाहेर काढावयाचें असेल आणि उरलेल्यांपैकीं एकाचाहि विरोध असेल, तर तें जागेवरच राहूं द्यावें.