रात्रीची लांबी मोजणारी ग्रंथी

काही वर्षांपूर्वी एक तरुण दांपत्य माझ्या दवाखान्यात आले. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पाळणा हलला नव्हता. झोपेच्या तक्रारीवर पत्नीला कोणीतरी मेलाटोनिनची गोळी दिली होती आणि ‘मेलाटोनिनने प्रजननशक्ती नष्ट होते’ असे कोठेतरी वाचून ती पार खचली होती. “डॉक्टरसाहेब, या गोळीनेच तर घात केला नाही ना?” या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पिनिअल ग्रंथीविषयी विद्यार्थिदशेत आम्ही शिकलो ते एवढेच, की क्ष-किरणचित्रात तिच्यातील कॅल्शियमचा ठिपका मेंदूची मध्यरेषा दाखवितो. त्या रात्री पुन्हा पुस्तके उघडली.

तिने वाचले होते ते निखालस खोटे नव्हते. परंतु ते हॅमस्टरविषयी होते. सीरियातील सोनेरी हॅमस्टरला दिवसाकाठी साडेबारा तासांहून कमी प्रकाश मिळू लागला, की आठ-दहा आठवड्यांत नराचे वृषण आक्रसतात, शुक्रजंतूंची निर्मिती थांबते आणि मादीचे ऋतुचक्र बंद पडते. १९६५ मध्ये हॉफमन व रायटर यांनी दाखवून दिले, की पिनिअल ग्रंथी काढून टाकलेल्या नरात हा संकोच होतच नाही.

ही यंत्रणा मोठी सुबक आहे. दृष्टिपटलावरील प्रकाशाची वार्ता हायपोथॅलॅमसमधील घड्याळाकडे आणि तेथून मानेतील ज्ञातंतुगंडामार्गे पिनिअलकडे जाते. मेलाटोनिन रात्रीच स्रवते; रात्र जितकी लांब, तितका स्राव दीर्घकाळ चालतो. या कालावधीवरूनच पीयूषिका ग्रंथी ऋतू ओळखते आणि प्रजननसंप्रेरके आवरती घेते. विशेष म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी, प्रकाश वाढलेला नसतानाही, वृषण आपोआप पूर्ववत होऊ लागतात. बिळाच्या अंधारात राहिलेला नर वसंतात सज्ज होऊनच बाहेर पडतो.

मग मेलाटोनिन प्रजननाचे शत्रू मानावे काय? येथे मेंढीची साक्ष काढावी लागते. समशीतोष्ण प्रदेशातील मेंढी शरदात, रात्री वाढू लागल्या म्हणजे माजावर येते. तिला मेलाटोनिन दिल्यास हा हंगाम लवकर सुरू होतो. संदेश तोच, अर्थ नेमका उलटा! कारण गर्भावधीत आहे. हॅमस्टरचा सोळा दिवसांचा, मेंढीचा पाच महिन्यांचा. पिल्ले चाऱ्याच्या दिवसांत जन्मावीत हाच दोघींचा हिशेब.

आपल्या इंदुरात हिवाळ्यातील दिवस पावणेअकरा तासांवर येतो. हॅमस्टरच्या लेखी ही प्रजननबंदीच. आपले प्रसूतिकक्ष मात्र बाराही महिने भरलेले असतात. मानवाची प्रजननक्षमता दिवसमानाशी अशी जखडलेली नाही.

पुढील भेटीत मी त्या भगिनीला हे सारे समजावून सांगितले. गर्भधारणेच्या प्रयत्नकाळात अनावश्यक औषध नको म्हणून गोळी थांबविली. तिने घात केला म्हणून नव्हे. उभयतांच्या तपासण्या रीतसर सुरू केल्या. तिच्या मनावरचे ओझे उतरलेले चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

व्यवसायबंधूंनो आणि भगिनींनो, प्राण्यांवरील प्रयोगांची कात्रणे घेऊन रुग्ण आपल्याकडे येतच राहणार. त्यांना हसून वाटेला लावू नये. तो प्राणी कोणता, त्याचा ऋतू कोणता आणि त्याचा गर्भावधी किती, एवढे आधी आपण स्वतःला विचारावे.