मालमोटार कोणत्या छापाची घ्यावी?

गळिताचा हंगाम तोंडावर आला म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील बागाईतदारांच्या बैठकींत एक वाद हटकून निघतो. कोणी टाटाची बाजू घेतो, कोणी लेलँडची. आणि ज्याच्या दारीं नुकतीच आयशर किंवा भारतबेंझ येऊन उभी राहिली असेल तो तिसरेंच कांहीं सांगतो. रांजणी, केशेगांव येथील कारखान्यांच्या आवारांत ऊस भरून नंबराची वाट पाहणाऱ्या चालकांतहि हाच वाद रात्र रात्र चालतो. वाद करमणुकीपुरताच असता तर त्याविषयीं लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु मालमोटार ही आतां केवळ शहरांतील वाहतूकदारांची वस्तु राहिलेली नाहीं. बेताची बागाईत असलेला शेतकरीहि कर्ज काढून ती घेतो, आणि निवड चुकली तर गाडीचा हप्ता अखेरीस शेतावर येऊन बसतो. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

मागील हकीकत

आपल्या भागास ओझें वाहण्याचा एक उत्तम धडा फार पूर्वींच मिळालेला आहे. इ. स. १८९७ मध्यें बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली आणि १९११ मध्यें तिची लोहवाट लातुरास पोहोंचली. अडीच फूट रुंदीच्या या लहानशा रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचें तत्त्व असें होतें कीं, ओझें सर्व आंसांवर सारखें वांटावें व कोणत्याहि एका आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार येऊं देऊं नये. हलके रूळ आणि मोठें ओझें यांचा मेळ त्यांनीं या एका नियमानें घातला. पुढें ही रेल्वे १९५४ मध्यें सरकारनें घेतली, आणि आतां त्या जागीं रुंद मार्ग झाला आहे. पण तो नियम मालमोटारीसहि तंतोतंत लागू पडतो, हें पुढें दिसून येईल.

मोटारीच्या धंद्याचा इतिहासहि आपल्या शेजारींच सुरू होतो. सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या डॉज व फार्गो मालगाड्या जुन्या लोकांच्या स्मरणांत असतील. टाटांनीं १९५४ मध्यें जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशीं सहकार्याचा करार करून मालगाड्या काढल्या. तो करार १९६९ मध्यें संपला व गाडीच्या तोंडावरील तारा जाऊन त्या जागीं टाटांचें अक्षर आलें. मद्रासेस १९४८ मध्यें अशोक मोटर्स या नांवानें निघालेली कंपनी १९५५ पासून अशोक लेलँड म्हणून ओळखली जाऊं लागली. पुढें तिनें जपानच्या हिनो कंपनीच्या धर्तीचीं इंजिनेंहि बनविलीं. महिंद्रांनीं २००५ मध्यें अमेरिकेच्या नॅव्हिस्टारशीं भागी करून चाकण येथें अवजड गाड्यांचा कारखाना उभारला; आतां तो सर्वस्वीं महिंद्रांचा आहे. आयशरनें २००८ मध्यें स्वीडनच्या व्होल्व्होशीं हात मिळविला, आणि डेम्लरनें २०१२ मध्यें स्वतःच भारतबेंझ या छापानें गाड्या विकण्यास आरंभ केला. तात्पर्य, आज बाजारांतील कोणताहि छाप अगदींच नवखा नाहीं. प्रत्येकामागें परीक्षा झालेली विद्या आहे. तेव्हां ‘चांगली कोणती?’ असा प्रश्न न करितां ‘आपल्या कामास चांगली कोणती?’ असा करावा हें बरें.

आंकडा वाचावयास शिकावें

बहुतेक गाड्यांच्या नांवांतील चार आंकड्यांत मोठा अर्थ असतो. पहिले दोन आंकडे भरलेल्या गाडीचें एकंदर वजन टनांत सांगतात, व शेवटचे दोन आंकडे दहानें गुणिले असतां अश्वशक्ति मिळते. १६१३ म्हणजे सोळा टन व एकशेंतीस अश्वशक्ति. २८१८ म्हणजे अठ्ठावीस टन व एकशेंऐशी अश्वशक्ति. २०१८ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें आंसांवरील भाराची मर्यादा वाढविली. दोन आंसांच्या गाडीस १६.२ टनांऐवजीं १८.५ टन, आणि तीन आंसांच्या दहाटायरी गाडीस २५ ऐवजीं २८.५ टन एकंदर वजनाची मोकळीक मिळाली. हें वजन गाडीसकट आहे, हें विसरूं नये. दहाटायरी गाडीचें हौद्यासह स्वतःचें वजन नऊ-दहा टन धरिलें, तर माल अठरा-एकोणीस टनच भरतां येतो.

गीअरपेटीचें गणित

चालक इंजिनाच्या शक्तीचीच बढाई मारतात. पण शक्ति चाकांपर्यंत पोहोंचविते ती गीअरपेटी व मागील आंसांतील क्राऊन-पिनियनची जोडी. मोटेच्या बैलांना धांव उतरती देतात, ती त्यांचें स्वतःचें वजन ओढीच्या कामीं यावें म्हणून. बैल तेच, पण ओढ वाढते. गीअरचेंहि तसेंच आहे. इंजिन तेंच, वेग सोडावा तेव्हां ओढ मिळते.

उदाहरणार्थ असें समजूं कीं, इंजिनाचा पीळ ८०० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गीअरचें प्रमाण नऊ, सर्वांत वरच्याचें एक, आणि क्राऊनचें प्रमाण सहा आहे. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरिली व घर्षणांत जाणारी शक्ति सोडून दिली, तर वरच्या गीअरांत चाकांपाशीं सुमारें ९८० किलो ओढ मिळते. पहिल्या गीअरांत ती ८,८०० किलोंपर्यंत जाते. आतां अठ्ठावीस टनांची गाडी बालाघाटाच्या चढास लागली, आणि चढ विसास एक आहे असें मानूं. चढापायीं १,४०० किलो व रस्त्याच्या अडथळ्यापायीं सुमारें २८० किलो, मिळून १,६८० किलो ओढ लागेल. वरच्या गीअरांत ती मिळणें शक्य नाहीं. दोन प्रमाणाच्या गीअरांत १,९६० किलो मिळते, म्हणून गाडी त्यांत चढून जाते. याच गाडींत सात टन माल अधिक भरला तर २,१०० किलो ओढ लागते. चालकास आणखी एक गीअर खालीं यावें लागतें, वेग निम्म्यावर येतो, इंजिन तापतें, आणि क्लचची प्लेट जळूं लागते. गाडी ‘चढत नाहीं’ म्हणून तिच्या छापास दोष देणारा मालक पुष्कळदां या सात टनांचा उल्लेख करीत नाहीं.

क्राऊनचें प्रमाणहि पारखून घ्यावें. वरच्या गीअरांत ताशीं साठ किलोमीटर वेगानें जातांना सहाच्या क्राऊनवर इंजिन मिनिटास सुमारें १,९०० फेरे करतें. पांचाच्या क्राऊनवर सुमारें १,६००. ज्यास सोलापूर-हैदराबाद रस्त्यानें उमरग्यापलीकडे लांबचा माल न्यावयाचा आहे, त्यास लहान प्रमाण डिझेल वांचवून देतें. ज्यास शेताच्या चिखलांतून ऊस काढावयाचा व येडशीच्या किंवा तुळजापूरच्या घाटांत रोज चढावयाचें आहे, त्यास मोठें प्रमाणच उपयोगीं. विक्रेता हें आपण होऊन सांगत नाहीं, विचारावें लागतें.

पेटींत गती किती असाव्या, हाहि प्रश्न असाच आहे. सहा गतींची पेटी साधी, स्वस्त व दुरुस्तीस सोपी असते. नऊ गतींच्या पेटींत एक अत्यंत सावकाश गति व तीवर आठ गती असतात. दोन गतींमधील अंतर कमी असल्यामुळें चढावर इंजिनास योग्य ती पायरी सांपडते. साधारणपणें दोन व तीन आंसांच्या गाडीस सहा गती पुरतात; त्याहून मोठ्या बारा-चौदाटायरी गाडीस किंवा ट्रेलरास नऊ गती असलेल्या बऱ्या. जुन्या पेट्यांत गीअर बदलतांना क्लच दोनदां दाबावा लागे. आतांच्या सिंक्रोमेश पेट्यांतील कड्या दोन चक्रांचा वेग आधीं जुळवून घेतात. परंतु क्लच पुरता न दाबतां दांडा ओढणाऱ्या चालकाच्या हातीं त्या कड्या लवकर झिजतात. गीअर आपोआप बदलणाऱ्या पेट्याहि निघाल्या आहेत. त्यांनीं चालकाचे श्रम व क्लचची झीज वांचते खरी, पण त्यांची दुरुस्ती संगणक जोडून करावी लागते. जवळ तशी सोय नसेल, तर अजून थोडें थांबावें असें आमचें मत आहे.

विश्वास कशावर ठेवावा?

चालकांच्या बोलण्यांत छापांविषयीं जें ऐकूं येतें त्याचा सारांश असा. टाटा व लेलँड यांचे भाग तालुक्याच्या गांवींहि मिळतात आणि त्यांचें काम जाणणारा कारागीर सडकेवर सहज भेटतो. भारतबेंझ व आयशरच्या मोठ्या गाड्यांतील बैठक, केबिनीची शांतता व डिझेलची बचत यांची स्तुति होते. परंतु त्यांचे भाग बहुधा कंपनीच्याच दुकानांतून आणावे लागतात. महिंद्रांच्या गाडीविषयीं जवळ दुरुस्तीचें केंद्र असलेल्याचें मत अनुकूल असतें, व दूर असलेल्याचें साशंक. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढितों कीं, विश्वास हा अर्धा गाडींत व अर्धा दुरुस्तीच्या अंतरांत असतो. हंगामांत गाडी दोन दिवस उभी राहिली तर तोडलेला ऊस फडांत वाळतो आणि त्याचें वजन घटतें. म्हणून गाडी पाहण्यापूर्वीं दुरुस्तीचें केंद्र पाहून यावें, आणि क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर व पाटे हे भाग तेथें प्रत्यक्ष आहेत कीं नाहींत याची खात्री करावी.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांविषयीं दोन गोष्टी शेतकऱ्यांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवाव्या. या गाड्यांच्या धुराड्यांत जो युरिया-द्रव सोडावा लागतो तो ३२.५ टक्के शुद्ध युरिया व निर्मळ पाणी यांचा असतो. घरांत खताच्या युरियाचीं पोतीं पडलेलीं असतां पैसे कशाला मोडावे, असा मोह होणें स्वाभाविक आहे. पण खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलानें माखलेला असतो व त्यांत इतर अशुद्ध द्रव्येंहि असतात. तो विरघळवून घातला तर धूर शुद्ध करणारें महाग यंत्र निकामी होतें. दुसरी गोष्ट काजळीच्या गाळणीची. ती जाळून स्वच्छ होण्यास गाडी कांहीं वेळ भर वेगानें चालावी लागते. फडापासून कारखान्यापर्यंतच्या थोड्या अंतरांत तसा वेग मिळत नाहीं, आणि आवारांत इंजिन तासन् तास चालू ठेवल्यानें गाळणी अधिकच भरते. तेव्हां उभ्या गाडीचें इंजिन बंद ठेवावें, व आठवड्यांतून एकदां तरी मोकळ्या सडकेवर लांबची खेप करावी.

घाटाचा उतार व जादा भार

चढावर जितके गीअर खालीं यावें लागतें, तितकेंच उतरतांनाहि खालीं यावें, हा जुन्या चालकांचा नियम उत्तम होय. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रल करून घाट उतरण्याची खोड मात्र जीवघेणी आहे. इंजिनाचा आवर सुटला कीं सर्व भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पुढील वळणावर धरीत नाहींत. शिवाय आजच्या इंजिनांत गाडी गीअरांत ठेवून पाय उचलला असतां डिझेल आपोआप बंद होतें. न्यूट्रलमध्यें तें जळतच राहतें. म्हणजे ही बचत केवळ कल्पनेची आहे.

जादा भाराविषयीं कायदाहि कडक झाला आहे. मोटार वाहन कायद्यास २०१९ मध्यें झालेल्या दुरुस्तीप्रमाणें जादा भारास वीस हजार रुपये दंड असून, शिवाय प्रत्येक जादा टनामागें दोन हजार रुपये द्यावे लागतात. एका खेपेची दुप्पट कमाई अशा रीतीनें एका नाक्यावर जाते. पण दंड चुकला तरी पाटे, टायर व आंस यांचा दंड चुकत नाहीं. कॅलथ्रॉप साहेबांच्या लहान रेल्वेनें अर्धशतकाहून अधिक काळ आपली तूर व कापूस वाहिला, याचें एक कारण आंसावरील भाराची ती मर्यादा होय.

हिशेब आधीं, गाडी मागून

अखेरची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची. गळीत चार-पांच महिने चालतें. हप्ता बारा महिने चालतो. त्यांतहि ऊसवाहतुकीच्या करारांत गाडीमालकानें कारखान्याकडून उचल घ्यावयाची व ती मुकादमास द्यावयाची, अशी रीत आहे. टोळी आली नाहीं तर गाडी उभी राहते आणि उचल मालकाच्या अंगावर पडते. म्हणून उरलेल्या महिन्यांत सोलापूरच्या बाजारास कांदा, लातूरच्या बाजारास सोयाबीन व तूर, अशा कोणत्या खेपा खात्रीनें मिळतील हें गाडी घेण्यापूर्वीं कागदावर लिहून काढावें. हप्ता, विमा, टायर, चालकाचा पगार व दुरुस्ती हीं त्याखालीं मांडावीं. वर्षाकांठीं कांहीं उरत नसेल, तर कोणताहि छाप तो शेतकरी तारूं शकणार नाहीं. त्यानें भाड्याची गाडी लावावी, किंवा दोघां-तिघां भरंवशाच्या शेजाऱ्यांनीं मिळून एक घ्यावी. उरत असेल, तर आपला माल, आपला रस्ता, क्राऊनचें प्रमाण व दुरुस्तीचें अंतर या चार गोष्टी ताडून पाहाव्या, आणि मगच कोणत्या छापाच्या दुकानांत पाऊल टाकावयाचें तें ठरवावें, एवढी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करितों.