टांकसाळीतला पारखी

जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) आपल्याला ठाऊक असतो तो ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून. टांकसाळीतली त्याची नोकरी सहसा एका वाक्यात उरकली जाते. माझ्या मते त्याची लिपी वाचण्याची रीत त्या नोकरीतच घडली. १८१९ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि वर्षभरात बनारसच्या टांकसाळीत मुख्य पारखी झाला. काम आपल्याकडच्या पोतदारांचेच. चांदीचा नमुना शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. शिसे आणि हीण राखेत जिरले की उरलेला मणी तोलायचा. जेवढी तूट, तेवढे हीण. निवाडा तराजूचा, म्हणून त्याने ग्रेनच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट इतके सूक्ष्म वजन दाखवणारा तराजू बनवला. भट्टीची उष्णताही तो अंदाजाने सांगत नसे. सोने, चांदी आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंपैकी कोणता वितळला यावरून ठरवी. १८३२ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या मुख्य पारख्याची जबाबदारी त्याच्याकडे आली.

अशोकाच्या ब्राह्मीतल्या लेखांकडे तो याच सवयीने वळला. अर्थाच्या मागे लागण्याआधी, १८३४ मध्ये, त्याने प्रत्येक अक्षराला कोणकोणती चिन्हे जोडली जातात याचा तक्ता केला. सांचीच्या कठड्यांवरच्या अनेक छोट्या लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो, हे १८३७ मध्ये त्याच्या ध्यानात आले. हे दानलेख असावेत, मग ती अक्षरे ‘दानं’, असा त्याने तर्क केला आणि तो इतर लेखांवर ताडून पाहिला.

यावर कोणी म्हणेल, पारखी तर पुष्कळ होऊन गेले, लिपी एकानेच वाचली. खरे आहे, टांकसाळ रीत देते, कुतूहल देत नाही. शिवाय श्रेय एकट्याचे नव्हेच. संस्कृतज्ञ लासेनने १८३६ मध्ये एका ग्रीक राजाच्या द्वैभाषिक नाण्यावरून काही अक्षरे ओळखली होती, आणि कमलाकांत विद्यालंकारांसारख्या पंडितांशिवाय अर्थ लागला नसता. लेखांत नाव येणारा ‘पियदसि’ राजा प्रिन्सेपने आधी सिंहलचा मानला. तो अशोक, हे पालीचा अभ्यासक टर्नर याने पाली ग्रंथांवरून दाखवले आणि प्रिन्सेपने ते मान्य केले. पण ही आक्षेपाची नव्हे, माझ्याच बाजूची साक्ष आहे: कस पुन्हा लावला आणि आकडा बदलला, तर पारख्याला आधीचा खोडावाच लागतो.

१८३८ मध्ये तो आजारी होऊन परतला आणि २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये वारला. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला, तेव्हा याच वाचनाच्या आधारे पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना तो वाचता आला.